ठाणे-नवी मुंबईच्या हवेत लाकडी जहाजाचं मॉडेल: फटी आणि फुगवटे टाळण्यासाठी कामाचा क्रम

पावसाळ्यात बांधलेल्या मॉडेलच्या बाजूंवर थंडीत पट्ट्यांमध्ये केसाएवढ्या फटी पडतात. थंडीत किंवा एसीत बांधलेल्या मॉडेलची तीच बाजू जुलैत फुगते आणि एखादी पट्टी सांध्यातून उचलली जाते. दोन्ही वेळा दोष गोंदाला दिला जातो. मग पुढच्या मॉडेलसाठी आणखी महाग गोंद येतो आणि आणखी कडकडीत वाळवलेलं लाकूड येतं. त्यानं दुखणं वाढतं. लाकूड नुसतं कोरडं असून इथे भागत नाही. तुमच्या खोलीची हवा वर्षभर ज्या दोन टोकांमध्ये फिरते, त्यांच्या मधोमध ते असावं लागतं. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीसाठी आहे.

कामाआधीचा हिशेब: लाकूड नेमकं किती हलतं

लाकूड लांबीत जवळपास हलतच नाही. ते रुंदीत हलतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत जेवढं फुगतं-आटतं, त्याच्या साधारण दुप्पट ते वर्षवलयांच्या कडेकडेनं जाणाऱ्या दिशेत फुगतं-आटतं.

हवेची आर्द्रता ५० टक्के असेल तर तिच्याशी जुळलेल्या लाकडात सुमारे ९ टक्के ओलावा असतो. ६५ टक्क्यांना तो १२ च्या आसपास, ८० टक्क्यांना १६ आणि ८५ च्या पुढे १७-१८ टक्के होतो. म्हणजे एसीच्या खोलीतून भर पावसाळ्यातल्या बंद एसीच्या खोलीत तेच लाकूड राहिलं, तर ओलाव्यात ८ टक्क्यांचा फरक पडतो.

किटमध्ये बहुधा येणारं लाइमवुड किंवा बासवुड ओलाव्याच्या दर एका टक्क्याला रुंदीत साधारण ०.३३ टक्के हलतं. ५ मिमीच्या पट्टीत आठ टक्क्यांचा फरक म्हणजे ०.१३ मिमी. ही फट डोळ्याला जेमतेम दिसते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण एका बाजूवर अशा २० पट्ट्या असतात आणि बेरीज २.६ मिमी होते. आतला प्लायवुडचा सांगाडा मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. या २.६ मिमीला जायला जागा नसते, म्हणून ते फट होऊन दिसतात किंवा फुगवटा होऊन.

तोच मॉडेल १२-१३ टक्के ओलाव्यावर बांधला, तर हालचाल दोन्हीकडे निम्मी-निम्मी वाटली जाते. दर सांध्याला ०.०६ ते ०.०७ मिमी एवढंच राहतं, आणि तेवढं गोंद, रंग आणि लाकूड मिळून सोसतात.

टप्पा १: खोली मोजा

डिजिटल आर्द्रतामापक घ्या. स्वस्तातला चालेल, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो आधी मिठानं तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि त्यात ओल्या वाळूसारखं होईपर्यंत थेंब थेंब पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळलं तर पुन्हा सुरुवात करा. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात एक दिवस ठेवा. डब्यातली आर्द्रता ७५ टक्के झालेली असते. मापक ७० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे, आणि हे कागदाच्या पट्टीवर लिहून मापकाच्या पाठीवर चिकटवायचं.

डबा उन्हात किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. तापमान वरखाली झालं की हा आकडा खोटा ठरतो.

आता मॉडेल जिथे बांधणार आणि जिथे ठेवणार, अशा दोन्ही जागा सकाळ-संध्याकाळ मोजा. एकाच फ्लॅटमध्ये फरक पडतो. खाडीच्या बाजूची खिडकी, पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची भिंत, बाथरूमला चिकटलेली भिंत या जागा बाकी घरापेक्षा दमट असतात. वाशी-नेरूळच्या खाडीकाठच्या घरात आणि घोडबंदर रोडवरच्या विसाव्या मजल्यावर आकडे एकसारखे येणार नाहीत, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका.

एसी नसलेल्या खोलीत पावसाळ्याचे आकडे ८० च्या वर आणि थंडीतल्या दुपारचे ४०-५० च्या घरात येत असतील, तर लक्ष्य ६० ते ६५ टक्के ठेवा. मॉडेल ऐरोली-महापेच्या दिवसभर एसी चालणाऱ्या ऑफिसात जाणार असेल, तर ५५ धरा. पुण्या-नाशकाच्या नातेवाइकाला भेट द्यायचं असेल, तरी खालच्या अंगाला राहा.

अंमळ अवघड जागा म्हणजे बेडरूम. रात्री आठ तास एसी, दिवसा खिडकी उघडी. एक मिलिमीटरची पट्टी काही तासांत हवेशी जुळायला लागते, म्हणजे ती रोज आटते आणि रोज फुगते. बांधकामासाठी याहून एसी नसलेली, पण आकडा स्थिर असलेली खोली मला कधीही बरी वाटते.

टप्पा २: लाकूड निवडा, टोक बघून

पट्टीच्या टोकाकडे भिंगातून बघा. वर्षवलयांच्या रेघा रुंद बाजूला उभ्या असतील तर ती पट्टी कमी हलणार. रेघा रुंद बाजूला समांतर, आडव्या असतील तर जास्त. सागवानात हा फरक ठळक आहे. शंभर मिमी रुंदीला ८ टक्के ओलाव्याचा फरक पडला, तर आडव्या रेघांचं सागवान साधारण १.५ मिमी हलतं आणि उभ्या रेघांचं ०.८ मिमी. किटमधल्या पट्ट्यांचे असे दोन गठ्ठे करा. उभ्या रेघांच्या पट्ट्या डेक आणि पाण्याच्या रेषेवरच्या उघड्या भागासाठी राखा, बाकीच्या आतल्या, झाकल्या जाणाऱ्या पहिल्या थरात जाऊ द्या.

गुराब किंवा गलबत ही जुनी मराठी जहाजं स्वतःच्या नकाशावरून बांधणारे बरेच जण फर्निचरच्या कारखान्यातून सागवानाचे तुकडे आणतात. निवड उत्तम आहे. सागवान या कामात येणाऱ्या लाकडांपैकी सर्वांत कमी हलणाऱ्यांतलं आहे. पण दोन गैरसमज सोडा. जुन्या वाड्याचं, पाडकामातलं सागवान हलत नाही, हा पहिला. जुनं लाकूड आतले ताण सोडून बसलेलं असतं, म्हणून चिरताना कमी वळतं, पण हवेतला ओलावा ते आजही घेतं आणि सोडतं. दुसरा गैरसमज म्हणजे वखारवाल्यानं ‘सीझन केलंय’ सांगितलं की काम झालं. वखारीत उघड्यावर पाऊस बघितलेला तुकडा पुन्हा १८ टक्क्यांच्या घरात गेलेला असतो.

बॉक्सवुड कोरीवकामाला सुंदर, पण ओलाव्यानं खूप हलतं. छोटे भाग करा, रुंद पृष्ठभाग करू नका.

टप्पा ३: लाकूड मुरवा

सगळ्यात जास्त घाई इथे होते, आणि सगळ्यात जास्त मॉडेल इथेच बिघडतात.

किट उघडलं की पट्ट्या, सांगाड्याचे प्लायचे तक्ते, डोलकाठ्यांचे गोल दांडे, सगळं बाहेर काढा. पट्ट्यांना बांधलेले रबर सोडा. प्रत्येक थरामध्ये आइस्क्रीमच्या काड्या आडव्या टाकून रचा, म्हणजे चारी बाजूंनी हवा फिरेल. प्लायचे तक्ते आडवे ठेवून, मध्ये काड्या, वर वजन. भिंतीला टेकवून उभे ठेवलेले तक्ते बाक धरतात.

पूर्ण मुरलं हे कसं कळणार? दिवस मोजून कळत नाही, वजनानं कळतं. दहा पट्ट्यांची एक जुडी सैल बांधा, त्यावर खूण करा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर रोज ठरावीक वेळी वजन करा. आकडे वहीत लिहा. सलग तीन दिवस वजन जवळपास जागचं हललं नाही आणि त्या दिवसांत हवेचा आकडा लक्ष्याच्या आसपास होता, तर लाकूड तयार आहे. दोन टोकांच्या खिळ्यांचा मॉइश्चर मीटर एक-दोन मिमीच्या पट्टीवर भरवशाचा नसतो, त्यापेक्षा काटा खरा.

नेमका ओलावा हवा असेल तर एक पट्टी बळी द्या. तिचं वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. पहिलं वजन ५.६० आणि कोरडं ५.०० ग्रॅम आलं, तर ओलावा १२ टक्के.

*पावसाळ्यात मुरवायचं असेल तर:* बंद कपाटाचा एक खण घ्या आणि खालच्या कोपऱ्यात १५ वॉटचा जुन्या प्रकारचा, तारेचा बल्ब लावा. हवा नुसती गरम केली तरी तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. २७ अंशांना ८८ टक्के असलेली हवा ३२ अंशांपर्यंत गरम केली की सुमारे ६६ टक्क्यांवर येते. म्हणजे पाच अंशांत काम होतं. एलईडी बल्ब पुरेसा तापत नाही. छोट्या खोलीत डीह्युमिडिफायर असेल तर तो ६० वर लावा, कपाटाची गरजच नाही.

> सावध: बल्ब आणि लाकूड, कागद, कापड यांच्यामध्ये किमान वीतभर अंतर आणि जाळीचं आवरण हवं. घरात कोणी नसताना बल्ब सुरू ठेवू नका.

> सावध: पट्ट्या सिलिका जेलच्या डब्यात कोंबू नका, ओव्हनमध्ये वाळवू नका, एसीच्या झोतासमोर ठेवू नका. अशा पट्ट्या ५-६ टक्क्यांपर्यंत उतरतात. बांधताना सांधे अगदी सुरेख बसतात आणि पुढच्या जुलैत बाजू फुगते. त्याहून वाईट म्हणजे जागा न मिळालेली पट्टी कडेला स्वतःचे तंतू चिरडून घेते. हवा पुन्हा कोरडी झाल्यावर ती आधीपेक्षा अरुंद झालेली असते आणि फट कायमची राहते.

हवेच्या दृष्टीनं पट्ट्या बसवण्याचा सोयीचा काळ म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा सरल्यापासून पुढचे काही आठवडे. पावसाळा मी नकाशे, दोर वळणं, तोफा आणि धातूकाम यांसाठी ठेवतो.

टप्पा ४: सांगाडा

कील, म्हणजे जहाजाचा कणा, सरळ आहे का हे ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवून बघा. खालून उजेड दिसला तर बाक आहे. सौम्य बाक असेल तर दोन्ही बाजूंना हलका ओला हात फिरवा आणि दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून सावकाश वाळू द्या.

कील आणि बल्कहेड, म्हणजे कण्यावर आडव्या उभ्या राहणाऱ्या चौकटी, जोडल्यावर, पट्ट्या लावण्याआधी, सगळ्या सांगाड्याला पातळ लाखेचा किंवा सँडिंग सीलरचा एक हात द्या. पट्टी जिथे चिकटणार त्या कडा कोऱ्या ठेवा. एकाच बाजूला सीलर लावला तर कोरी बाजू ओलावा घेते आणि तक्ता वळतो, म्हणून दोन्ही बाजू एकाच बैठकीत.

नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला भरायचे ठोकळे जहाजाच्या लांबीत तंतू धरून कापा. तंतू आडवे ठेवले तर ठोकळा फुगून बल्कहेडांना एकमेकांपासून ढकलतो आणि सरळ कील पीळ घेते.

तपासा: नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरा ताणा. तो प्रत्येक बल्कहेडच्या मध्यखुणेवरून गेला पाहिजे. ही तपासणी दुसऱ्या दिवशी, हवा बदललेली असताना पुन्हा करा.

टप्पा ५: पट्ट्या वाकवणं आणि बसवणं

क्रम असा: भिजवा, वाकवा, बांधून ठेवा, वाळवा, मग घासून जुळवा, मग गोंद. यातला ‘वाळवा’ गाळला जातो. गरम पाण्यातून काढलेली पट्टी लगेच गोंद लावून बसवली तर काम झरझर होतं. पण भिजलेलं लाइमवुड १२ वरून २८ टक्क्यांवर गेलेलं असतं आणि ५ मिमीची पट्टी त्या क्षणी पाव मिलिमीटरनं जास्त रुंद असते. शेजारच्या पट्टीला ती घट्ट बसलेली दिसते. वाळली की प्रत्येक सांध्यात पाव मिलिमीटरची फट पडते.

१. टोकाचा वाकणारा भागच भिजवा. एक-दीड मिमीच्या पट्टीला गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. रात्रभर भिजवून फायदा नाही, पृष्ठभागाचे तंतू मात्र उभे राहतात.

२. बल्कहेडवर किंवा वेगळ्या साच्यावर बांधून ठेवा. सागवानाला पाण्यापेक्षा उष्णता मानवते, सोल्डरिंग आयर्नसारख्या तापलेल्या लोखंडी टोकावरून हळूहळू वाकवा.

३. हवा ६५ च्या आसपास असेल तर एक दिवस, ८० च्या पुढे असेल तर दोन दिवस तरी सोडू नका. सोडल्यावर पट्टी थोडी उलटेल, ते ठीक आहे.

४. भिजवण्याआधी व्हर्नियरनं रुंदी लिहून ठेवलेली असावी. तोच आकडा परत आला की पट्टी वाळली. मगच कडा उतरवा.

५. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असतं आणि ते पट्टीत शिरतं. एकच बाजू आधी संपवली तर ती वाळताना कीलला स्वतःकडे ओढते.

६. दिवसाला दोन्ही बाजूंना मिळून चार-सहा पट्ट्या पुरे. गोंदाचं पाणी निघून जायला वेळ द्या.

गोंदाबद्दल. पांढरा गोंद माझी पहिली पसंती आहे. वाळल्यावर तो किंचित लवचिक राहतो आणि हालचाल थोडी पोटात घेतो. फेविक्विकसारखा गोंद ओलाव्यानंच आवळतो, म्हणून पावसाळ्यात तो नेहमीपेक्षा लवकर पकडतो, हात सावरायला वेळ देत नाही आणि सांध्याभोवती पांढरी बुरशीसारखी छटा सोडतो. शिवाय तो ठिसूळ असतो. तात्पुरत्या टाक्यापुरता ठेवा. सागवानाला कोणताही गोंद लावण्याआधी सांध्याची जागा थिनरनं पुसा. त्याचं नैसर्गिक तेल गोंदाला धरू देत नाही.

पट्ट्यांच्या कडा एकमेकींना चिकटवाव्यात का? यावर मतं वेगळी आहेत. हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग, रंगवायचा असेल आणि वर दुसरा थर येणार असेल, तर पहिल्या थरात चिकटवा. लाकूड उघडं ठेवायचं असेल, तर फक्त बल्कहेडला. कडा चिकटल्या की सगळ्या पट्ट्या मिळून एकच रुंद फळी होते, आणि आटताना ती सगळा ताण एकाच कमकुवत सांध्यावर काढते. एका ठिकाणी एक मिमीची भेग पडण्यापेक्षा वीस ठिकाणी न दिसणारी रेघ पत्करलेली बरी.

तपासा: पहिला थर संपल्यावर हल दोन आठवडे तसाच ठेवा. या काळात हवेचा आकडा १०-१५ नं तरी हललेला असावा. जे सांधे बोलणार ते आत्ताच बोलू द्या, दुसऱ्या थराखाली गेल्यावर हात पोचत नाही.

टप्पा ६: डेक

डेकच्या पट्ट्या जहाजाच्या लांबीत जातात, म्हणजे त्यांची सगळी हालचाल रुंदीत होते. खालचा प्लाय जागचा, वरच्या पट्ट्या हलत्या. पट्ट्या फक्त प्लायला चिकटवा, कडा कोऱ्या. दोन्ही कडांना, जिथे भिंत उभी राहणार तिथे, अर्धा मिमी मोकळी जागा सोडा. वरची आडवी पट्टी ती झाकते. गोंद संपूर्ण पट्टीखाली पसरवण्यापेक्षा मधोमध एक बारीक रेघ पुरते.

टप्पा ७: पॉलिश आणि रंग

कुठलंही पॉलिश ओलावा थांबवत नाही, फक्त सावकाश आत जाऊ देतं. पण सावकाश होणं हाच इथे मोठा फायदा आहे. एका संध्याकाळच्या मुसळधार पावसाचा परिणाम मग लाकडापर्यंत पोचतच नाही. लाखेचं पॉलिश हवेतल्या वाफेला चांगलं अडवतं, मात्र पाण्याचा थेंब त्यावर डाग पाडतो. जवसाचं तेल दिसायला छान, ओलावा अडवायला जवळपास निरुपयोगी.

शक्य असेल तिथे आतूनही लावा. त्यासाठी टप्पा ६ च्या आधीच, डेक बंद करण्यापूर्वी, हलच्या आत पातळ लाख ओतून, फिरवून, जास्तीची काढून टाका.

> सावध: हवा ७५ च्या पुढे असताना लाख किंवा लॅकर मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि पॉलिश दुधाळ होतं. पावसाळ्यात करायचंच असेल तर दुपारी, एसीनं खोली कोरडी झाल्यावर.

टप्पा ८: दोर आणि शिडं

सुती दोर दमट हवेत फुगून आखडतो आणि कोरड्या हवेत सैल पडतो. ताणून बांधलेले सुती दोर पावसाळ्यात बारीक डोलकाठी वाकवू शकतात. पॉलिएस्टरचा दोर वापरा. सुतीच हवा असेल तर मध्यम हवेच्या दिवशी, हाताला किंचित सैल लागेल इतकाच ताण द्या. सुती शिडांवर ७० च्या पुढच्या हवेत बुरशी धरायची शक्यता असते, म्हणून खळ लावू नका. खळ बुरशीचं खाणं आहे.

टप्पा ९: पेटी

उघड्या शेल्फवरचा मॉडेल या हवेत टिकवणं अवघड आहे. काचेची किंवा अॅक्रिलिकची घट्ट पेटी करा आणि तळाशी जाळीखाली सिलिका जेलसाठी चोरखण ठेवा. मापक पेटीच्या आत, बाहेरून वाचता येईल असा. जेल भरमसाट भरायचं नाही. आतला आकडा ७० च्या वर गेला की जेल वाळवून परत ठेवा, ५० च्या खाली आला की काढून घ्या. नारिंगी रंगाचं जेल घ्या, ओलं झालं की ते हिरवं पडतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं घातक क्षार असतं, घरात नको.

पेटीचे सांधे व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉननं बंद केले असतील, तर वास पूर्ण जाईपर्यंत मॉडेल आत ठेवू नका. ती आम्लाची वाफ शिशाच्या तोफा-नांगरांना पांढरी पूड धरायला लावते. ताज्या एमडीएफच्या तळाबद्दलही हीच काळजी, त्याला सगळीकडून सील करा.

पेटी खिडकीच्या उन्हात, एसीच्या झोताखाली किंवा ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून नको. मधल्या भिंतीपाशी, चार बोटं अंतर सोडून.

फट पडलीच तर

फेब्रुवारीत दिसलेली फट फेब्रुवारीत भरू नका. त्या दिवशी ती सर्वांत रुंद असते. तिच्यात कडक पुट्टी भरली की जुलैत पट्टीला फुगायला जागा उरत नाही, ती कडेला चिरडते आणि पुढच्या थंडीत शेजारी दुसरी फट उघडते. फटीची रुंदी आणि त्या दिवसाची आर्द्रता लिहून ठेवा, हवा ६०-६५ वर येईपर्यंत थांबा. त्या दिवशी फट बुजलेली असेल तर हात लावू नका. उरली असेल, तर त्याच लाकडाची, त्याच दिशेच्या तंतूंची कागदाएवढी पातळ कापटी काढा, एकाच कडेला पांढरा गोंद लावून सरकवा, दुसरी कड मोकळी सोडा. वाळल्यावर धारदार पातीनं पृष्ठभागाला समतल करा आणि तेवढ्याच जागेला लाखेचा हात द्या.